गणोजीराव अण्णांचं सागवानी टेबल

फेब्रुवारीतला दुसरा रविवार. गाद्या झटकायचं काम काढलं होतं. पहिली गादी गॅलरीच्या कठड्यावर टाकते तोच शेजारच्या खिडकीतून हाक आली, "अक्का, आज गादी बेडा. शेवटचा हात मारतोय."

बेडा म्हणजे नको. खिडकीत गणोजीराव अण्णा उभे होते, गळ्यापर्यंत बटणं लावलेला रेनकोट घालून. बाहेर कडक ऊन. पण कपड्यांचे धागे ओल्या पॉलिशवर पडतात आणि रेनकोटचे पडत नाहीत, हा त्यांचा शोध. मी गादी आत नेली. दिवाळीपासून आमच्या मजल्यावर अण्णांना विचारल्याशिवाय कोणी काही झटकत नव्हतं.

अण्णांचं घराणं बेंगळुरात कैक पिढ्यांचं, मी लग्नानंतर पुण्याहून आलेली. माझ्या वडिलांच्या वयाचे, पण मला अक्काच म्हणतात. कारखान्यात तपासनीस होते. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, हीच नोकरी. निवृत्तीनंतर खोट काढायला बायको उरली. ती गेल्यावर टेबल.

टेबल सागवानी, सहा माणसांचं. ते काचेसारखं करायचं होतं. "तोंड दिसणं सोपं आहे अक्का. दात मोजता आले पाहिजेत." त्यासाठी पॉलिशचा हात मारायचा, तो वाळला की ओल्या पॉलिशपेपरने घासायचा, मग पुन्हा हात. पंखा बंद, फरशीवर पाणी शिंपडलेलं, दाराच्या फटीत ओला टॉवेल. काम झालं की वर ट्यूबलाइट लावून टेबलात तिची रेघ बघायची. रेघ जराशी वाकली तरी सगळं खरवडून पहिल्यापासून. एकदा ओल्या पॉलिशवर डास बसला. पंचनाम्याला बोलवावं तसं अण्णांनी मला बोलावलं. "बघा. एवढी खोली मोकळी सोडून याला इथेच मरायचं होतं."

हे सगळं किरणसाठी होतं. किरण म्हणजे अण्णांचा एकुलता एक मुलगा. त्याने सर्जापूर रोडला नवा फ्लॅट घेतला होता, आणि हे टेबल तिथे जायचं होतं.

"किरणला विचारलंत का?" मी म्हटलं.

"विचारायचं काय? बघितलं की उचलेल."

"अण्णा, त्यांच्या स्वयंपाकघरात काउंटर आहे. वास्तुशांतीला आपण दोघांनीही बघितलाय."

"त्या उंच स्टुलांवर कोण जेवतं? पाय लोंबकळतात. ते तात्पुरतं आहे." वास्तुशांतीत सगळे तीर्थप्रसाद घेत असताना अण्णांनी हॉलची भिंत वितीने मोजली होती. सोफा स्वल्प सरकवला की टेबल बसतं, असा त्यांचा हिशेब.

पुढच्या रविवारी किरण आणि त्याची बायको मेघा आले. मलाही बोलावणं होतं. टेबल खरंच काचेसारखं झालं होतं. चहाचे कप आम्ही सगळे हातातच धरून बसलो, ठेवायची कोणाची छाती होईना.

"भारी झालंय बाबा," किरण म्हणाला. "हॉटेलच्या लॉबीत असतं तसं."

"टेम्पो कधी सांगू?"

किरणने मेघाकडे बघितलं. मेघा कपाकडे बघत राहिली. "बाबा, आम्ही दोघंच तर असतो. काउंटर पुरतो. जागाही नाहीये. आणि आमच्याकडे सगळं मॅट आहे ना, त्यात हे फार चमकेल. राहू दे इथेच."

"सरी, सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे बरं, बरं. नंतर त्यांनी मेघाला विचारलं की तुमच्याकडे पाणी रोज येतं का. ती हो म्हणाली. थोड्या वेळाने दोघं निघाली.

मी कप विसळत होते. अण्णा मागे येऊन उभे राहिले.

"मॅट पाहिजे म्हणाला. तेवढंच ना? चमक आणायला वेळ लागतो अक्का, घालवायला एक सकाळ पुरते."

"तो जागा नाही म्हणाला, अण्णा."

"मॅट म्हणाला. मी ऐकलं."

घरी येऊन मी ठरवलं की उद्या स्पष्ट सांगायचं. मी काही मनात ठेवणारी बाई नाही. ते टेबल तिकडे जाणार नव्हतं, चमकतं असो की मॅट असो. मग एवढं देखणं काम कशाला नासायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाल्यावर मी गेले. दार उघडंच होतं. अण्णांनी एका कोपऱ्यापासून सुरुवात केली होती, आणि तळहाताएवढी जागा धुकं बसल्यासारखी पांढुरकी झाली होती. घासताना ते गुणगुणत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

"अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली आणि पाण्यात भिजवलेला एक पेपर माझ्यापुढे धरला. "बरं झालं आलात. गोल फिरवू नका, लाकडाच्या रेषेने घासा. किरणची नजर बारीक आहे."

मी ओढणी कमरेला बांधली, पेपर घेतला आणि दुसऱ्या टोकापासून घासायला लागले.