उताराची बिस्किटं

फरशी बसवणाऱ्या माणसाला बिस्किटावर आयसिंग लावायला किती वेळ लागावा? मिस्त्रींच्या मते, चहा निवायच्या आत काम फत्ते!

हे मत त्यांनी मनात ठेवलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मिस्त्रींनी ते बेकरीत, भर काउंटरवर ऐकवलं. बेकरीवाला बिचारा एकेका गोल बिस्किटावर पांढरं आयसिंग पसरत होता, आणि गिऱ्हाईक म्हणून गेलेले मिस्त्री पाठीमागे हात बांधून साइटवर उभे असल्यासारख्या सूचना देत होते.

"मनगट सैल सोडा! कडेला जाडी कमी पडतेय! अहो, लेव्हल बघा, लेव्हल!"

तिसऱ्या बिस्किटाला बेकरीवाल्याने सुरी खाली ठेवली. "एवढं येतंय तर घरीच करा की!"

"करतोच!" म्हणून मिस्त्री रिकाम्या हाताने बाहेर पडले.

घरी बायकोने कपाळाला हात लावला. बिस्किटं साधीसुधी नव्हतीच मुळी. दोन वर्षांचा रुसवा सोडून तिची आई चार वाजता चहाला येणार होती, आणि आईला जगात एवढं एकच बिस्कीट आवडायचं.

रुसव्याचं कारण मिस्त्रीच. त्यांनी सासूबाईंच्या बाथरूमची फरशी मोठ्या हौसेने, स्वतःच्या हाताने बसवून दिली होती. फरशी कशी, आरशासारखी! फक्त उतार जाळीकडे द्यायचा तो दाराकडे गेला. सासूबाईंची पहिली आंघोळ झाली आणि पाणी थेट पलंगाखाली! तेव्हापासून त्या दाराशी जुने टॉवेल कोंबून आंघोळ करत होत्या आणि जावयाचं नाव निघालं की फोन ठेवून देत होत्या. मिस्त्रींना हे फार लागलं होतं. इतकं, की त्या धसक्याने ते आता दिसेल त्याला उतार द्यायचे. मागच्याच महिन्यात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यालाही उतार दिला होता.

"काळजी सोड," मिस्त्री म्हणाले. "बिस्कीट म्हणजे काय? छोटी फरशी. आयसिंग म्हणजे पांढरं सिमेंट. माझ्या हातचा मळ आहे गं!"

"म्हणूनच म्हणते, आधी हात धुवा!"

हात धुऊन मिस्त्री कामाला लागले. कणीक लाटली, गुण्या लावून काटकोन काढले आणि चौकोन कापले.

"अहो, ती गोल असतात!"

"गोलात माल वाया जातो."

बिस्किटं भाजून निघाली ती खरोखरच सुरेख. खमंग वास सुटला. बायकोही विरघळली आणि निर्धास्तपणे केस विंचरून जरा आडवी व्हायला आत गेली. तिथेच चुकलं!

मिस्त्रींनी अंड्यांचा पांढरा बलक आणि ढीगभर पिठीसाखर बादलीत ओतली, ड्रिलला कोरी घोटणी लावली आणि बटण दाबलं. स्वयंपाकघर पांढरंफेक झालं. मिस्त्रींच्या मिशाही! पण माल मात्र असा जमला की थापीवरून हलेना. मग त्यांनी लांब फळीवर चोवीस बिस्किटं मांडली, ओळी दोऱ्याने सरळ केल्या, रबरी हातोडीने हळूच ठोकून बसवल्या आणि वरून थापी फिरवली. तास-दोन तास पंख्याखाली वाळवलं. मग सवयीने हातात पाण्याचा मगही घेतला.

"तो मग कशाला?" बायको दारातून ओरडली.

"सिमेंटला पाणी मारावं लागतं, नाहीतर तडे…"

तिने तो हिसकावून घेतला आणि तिची नजर फळीवर गेली. "अहो… ही सुटी कशी करायची?"

मिस्त्रींनी वाकून पाहिलं. सांधे! त्यांनी चोवीसच्या चोवीस बिस्किटांचे सांधे भरून टाकले होते!

सुरी वाकली. छिन्नी उडाली. आणि दारावरची बेल वाजली.

सासूबाई आल्या, बसल्या, आणि त्यांनी समोरची शुभ्र लादी न्याहाळली. "हे काय?"

"बिस्किटं, आई," मिस्त्री पुटपुटले.

सासूबाईंनी चमच्याने ठोकून पाहिलं. टण्!

"आवाज भरीव आहे," मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं. बायकोने त्यांना असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं.

"चहा ओतून बघते," सासूबाई म्हणाल्या. "मऊ तरी पडेल."

त्यांनी कप उपडा केला. चहा मुरला नाही, थांबला नाही, पसरला नाही. एका धारेत समोरच्या कोपऱ्याकडे निघाला आणि फळीवरून सरळ मिस्त्रींच्या मांडीवर! मांडी भाजत होती, पण मिस्त्री जागचे हलले नाहीत.

"आई," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "उतार!"

सासूबाईंनी लेकीचाही कप उचलला आणि दुसऱ्या कोपऱ्यात ओतला. तोही त्याच वाटेने गेला. मागे एक थेंब उरला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी जावयाच्या तोंडाकडे नीट बघितलं. मिशा अजून पांढऱ्याच होत्या. सासूबाईंना हसू आवरेना.

"जावईबापू, उद्या थापी घेऊन या. ते बाथरूम उखडा आणि पुन्हा करा."

"उजाडताच येतो, आई!" मिस्त्रींना खरंच भरून आलं.

"आणि येताना बिस्किटं आणा. बेकरीतली. गोल!"

मिस्त्रींना बेकरीवाल्याचा चेहरा आठवला. तरी त्यांनी मान डोलावली.

निघताना सासूबाईंनी ती अख्खी लादी काखोटीला मारली. "ही नेते. तुम्ही येईपर्यंत दाराशी टॉवेलांऐवजी आडवी लावीन, पाणी तरी अडेल."

मिस्त्री जिन्यापर्यंत मागे धावले. "आई, लावताना उतार आतल्या बाजूला येऊ द्या हं!"