पर्यायी संगीताची त्रुटीपूर्तता

कोणत्याही संगीताला आधी रकाना लागतो, कान नंतर. हे सत्य घनसावंगीच्या युवक महोत्सव समितीला गेल्या वर्षी उमगले आणि अर्जात लोककला, भक्तिगीत यांच्या खाली 'पर्यायी संगीत' असा तिसरा रकाना छापला गेला. छापल्यावर व्याख्या करणे भागच होते. ती अध्यक्ष जगन्नाथरावांनी (निवृत्त नायब तहसीलदार) एकाच बैठकीत केली, चहा दोनदा झाला: जे वरातीत वाजत नाही, हळदीत चालत नाही आणि ऐकणाऱ्याच्या पायाला कळत नाही, ते पर्यायी. जगाने या प्रश्नावर इतकी वर्षे उगाच डोके आपटले.

केदारखेड्याच्या कल्याणचा जीव त्या रकान्यात अडकला होता. गिटार घेतल्यापासून गावात त्याची ओळख 'झुंबरबाईचं वाया गेलेलं पोरगं' अशी होती. समितीचा शिक्का बसला की तेच वाया जाणे शैली ठरणार होते. कागदपत्रे चोख होती. बँडमालक राजानंद यांचा दाखलाही जोडला होता: "हे वरातीत वाजवलं तर नवरदेव घोड्यावरून उतरून मारील."

प्राथमिक फेरी झकास रंगली. एकसष्ट श्रोत्यांपैकी अठ्ठावीस उठून गेले, एकोणीस मोबाइलमध्ये शिरले, बाकीचे गंभीर झाले (हे जाणकार). कल्याण सुखावला. इतक्यात पहिल्या रांगेत त्याच्या आईने, झुंबरबाईंनी, पायाने ठेका धरला. मग शेजारच्या केशरबाईंनी. दुसऱ्या कडव्याला दोघी चक्क फुगडी घालू लागल्या.

जगन्नाथरावांनी जागेवर पंचनामा केला. शेरा असा: 'गाणे आवडत आहे. त्रुटी आठ दिवसांत दूर करावी.'

"माय, काय केलंस हे!" कल्याण रडकुंडीला आला.

"काय केलं? लई गोड गाणं हाय रे. सकाळधरनं म्हणून राह्यले मी."

"मंग मी बाद न्हाई का होणार!"

गोड झाले म्हणून बाद कसे, हे झुंबरबाईंना समजेना. पण पोराचे तोंड बघून त्या मदतीला तयार झाल्या.

कल्याणने कसून मेहनत घेतली. पहिल्या दिवशी ठेका काढला, तिसऱ्या दिवशी चाल. शब्द तरीही समजत होते, म्हणून त्यांचा क्रम उलटा केला. रोज संध्याकाळी आईवर चाचणी व्हायची. पाचव्या दिवशी तिच्या पायाचा नुसता अंगठा हलला. सातव्या दिवशी ती डोळे मिटून शेवटपर्यंत बसली आणि म्हणाली, "बराबर जमलं बाबू. आता काहीच कळून न्हाई राह्यलं." तिला फार वाईट वाटले होते. कल्याणने आनंदाने तिचे पाय धरले.

जालन्याच्या अंतिम फेरीत गाणे संपले की स्पीकर गेला, हे अर्धा मिनिट कुणालाच ठरवता येईना. मग सभागृह उठून उभे राहिले. टाळ्या सव्वाचार मिनिटे. कल्याण पहिला आला.

समितीने त्या टाळ्यांची चित्रफीत नियमाप्रमाणे तपासली. बसून राहिलेल्या एकट्या झुंबरबाई. बाकी सातशे बारा जणांनी आधी शेजाऱ्याकडे पाहिले आणि मगच टाळी वाजवली. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीपाशी, तुम्ही अगदी स्पष्ट दिसता. तुमचा शेजारी तेव्हा तुमच्याकडेच पाहत होता.