दीड वीट आणि दोन शिंगं

धारवाडच्या समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मळमड्डीतले बिंदुअण्णा यांनी वायरलेस राउटर नामक यंत्र पसंत करण्यासाठी हुबळीकडे प्रस्थान ठेवले असून त्यांच्या पिशवीत दीड वीट आहे.

हो, वीट. भाजलेली, लाल. एक अख्खी, एक अर्धी. आणि ती पिशवी बसमध्ये मांडीवर घेऊन बसण्याचा मान माझा होता.

मी अण्णांचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मला घरी इंटरनेट हवं होतं. ते यायचं टेलिफोनच्या तारेतून आणि तार होती खाली अण्णांच्या घरात. म्हणून दोघांत एक कनेक्शन ठरलं. वास्तविक अण्णांकडे कॉम्प्युटर नव्हता. टीव्हीचा रिमोटसुद्धा ते विंचू धरावा तसा दोन बोटांत धरत. पण अट एकच, "यंत्र मी बघणार. निधान बघणार."

निधान, म्हणजे सावकाश. हा कानडी शब्द अण्णांच्या तोंडात सुपारीसारखा कायमचा. रिक्षावाल्याला निधान, उतू जाणाऱ्या दुधाला निधान, जिना उतरणाऱ्या माझ्या बायकोला निधान. छताचा पंखा घ्यायला गेले तेव्हा दुकानातच पंख्याखाली चटई टाकून तासभर घोरले होते. झोप लागली, मग पंखा पसंत.

हुबळीच्या पहिल्या दुकानात दुकानदाराने राउटर चालू केला, समोर लॅपटॉप उघडून ठेवला. अण्णांनी दोन्हींच्या मधोमध विटा रचल्या.

"इट्टंगी याकरी, यजमानर?" या विटा कशाला, म्हणून दुकानदार बघतच राहिला.

"वीट नव्हे, भिंत आहे ती," अण्णांनी त्याला त्याच्याच कानडीत सुनावलं. "आमच्या घरची भिंत दीड विटेची. अख्खी आणता येईना."

लॅपटॉपवर सिग्नलच्या काड्या पाचच्या पाच उभ्या होत्या.

"झालं की, अण्णा!" मी म्हणालो.

"निधान रे. गिलावा राहिला." आणि त्यांनी कोटाच्या खिशातून कागदात बांधलेलं गिलाव्याचं ढेकूळ काढलं.

अँटेनाला ते शिंग म्हणत. एका अँटेनाचं यंत्र पाहून म्हणाले, "गेंडा आहे. नुसता दांडगा." तीन अँटेनांचं पाहून म्हणाले, "असलं जनावर देवानं केलेलंच नाही." शेवटी दोन शिंगांचं एक काळं यंत्र त्यांना पटलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हशीसारखं गरीब आहे बघ."

घरी आल्यावर मी ते जिन्याजवळ लावायला निघालो. वर सिग्नल नीट आला असता. अण्णांनी माझ्या हातातून यंत्र काढून घेतलं आणि थेट मागच्या खोलीत, भिंतीलगतच्या पितळी बंबावर बसवलं. वर माझ्याकडे दोनच काड्या येऊ लागल्या.

"अण्णा, दोनच काड्या?"

"म्हशीची शिंगं किती असतात?"

आता त्या भिंतीबद्दल सांगायला हवं. भिंतीपलीकडे अण्णांचे धाकटे भाऊ वसंतराव राहत. वाटणी झाली तेव्हा घर, विहीर, नारळ सगळं हसतखेळत वाटलं गेलं आणि आईच्या आंघोळीच्या बंबावर गाडी अडली. बंब अण्णांकडे आला, बोलणं बंद झालं. पुढे दोघांनीही गीझर घेतले आणि बंब हिरवा पडला. अबोला मात्र लख्ख राहिला.

वाटणीत फोनही अण्णांकडेच आला होता. वसंतरावांची लेक परदेशात होती. तिने दिलेला लॅपटॉप इंटरनेटवाचून कपाटात पडून होता. नातवाचं तोंड बघायला वसंतराव दर रविवारी दुखरा गुडघा घेऊन सायबर कॅफेचा उंच जिना चढत. ते परत येईपर्यंत अण्णा खिडकीत उभे. मी विचारलं की म्हणायचे, "पेपरवाला आला नाही अजून." दुपारी बारा वाजता!

राउटर बसला त्या संध्याकाळी अण्णांनी मला परसात नेलं. कुंपणापलीकडे वसंतराव जास्वंदीला पाणी घालत होते. मी हातभर अंतरावर, आणि अण्णा मात्र यात्रेत हरवलेल्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "जोशीऽऽ! पासवर्ड ठेवलाय बरं काऽऽ! अळणावरच्या आमच्या आजोळच्या म्हशीचं नाव! इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं!"

"पण म्हशीचं नाव काय?"

"ज्याला ठाऊक त्याला ठाऊक!"

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला. मला ते नाव नंतर कानात सांगण्यात आलं. ते इथे लिहीत नाही, गल्लीतले अजून टपलेले आहेत.

पुढच्या रविवारी वसंतराव कॅफेला गेले नाहीत. भिंतीतून एका लहान पोराचं खिदळणं ऐकू आलं. अण्णा बंबाजवळ पाट मांडून, भिंतीला कान लावून बसले होते. मला बघताच म्हणाले, "यंत्र तापतंय काय बघतोय."

असे बरेच रविवार गेले. पोरगं खिदळायचं, वसंतराव त्याला बडबडगीतं म्हणून दाखवायचे. पण भिंतीच्या अलीकडे अण्णांसाठी एक शब्द येईना. हुं नाही की चूं नाही. अण्णांचं 'निधान'सुद्धा हळूहळू कमी झालं.

मग एका रविवारी खिदळणं ऐन रंगात असताना अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि विंचू चिरडावा तसं बोटाने राउटरचं बटण दाबलं.

राउटरचे दिवे गेले. पलीकडचं पोर गप्प.

"अहो अण्णा, काय केलंत हे?"

"निधान," अण्णा कुजबुजले. पाटाची कड त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

पलीकडे खुर्ची सरकली. कोणीतरी लंगडत भिंतीपाशी आलं, थांबलं, खाकरलं. आणि दीड वीट आणि गिलावा भेदून आवाज आला,

"अण्णा, म्हैस आटली की रे!"