लाल बादली आणि लिनक्स

कॉम्प्युटरशेजारी वाळूने भरलेली लाल बादली ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी हेमराजभाऊ. जवाहरनगरच्या फॅक्टरीत सुरक्षा विभागात नोकरी केली, निवृत्त होऊन आमच्या गल्लीत घर बांधलं, पण बादली काही सुटली नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यात परवान्यावर सही झाल्याशिवाय खिळासुद्धा ठोकत नाहीत. भाऊ घरीही ठोकत नाहीत. गॅसचं सिलिंडर बदलायचं असलं तरी त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, “आधी कागदावर, मंग हातात.”

वहिनी नातवाला सांभाळायला पुण्याला लेकीकडे गेल्या. लेकीचा जुना कॉम्प्युटर तेवढा घरी राहिला. तो सुरू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन होई, त्यामुळे नातवाला मोठ्या पडद्यावर पाहायची भाऊंची हौस नुसतीच राहून जाई. गल्लीतले मेश्राम सर, शाळेत शिकवतात, ते म्हणाले, “भाऊ, विंडोज काढून लिनक्स टाकून देतो. फुकट असते. अर्ध्या तासात होते.”

“अर्ध्या तासात तं अपघात होते, सर,” भाऊ म्हणाले. “नियोजन करा लागन.”

तेव्हापासून दर रविवारी सकाळी भाऊंच्या ओसरीवर आमची तिघांची बैठक बसू लागली. तर्रीपोहे, चहा आणि फाईल. फाईलमध्ये प्रकरणं होती. लाईन गेल्यास काय करायचं, वादळ आल्यास काय करायचं, पाहुणे आल्यास काय करायचं. मी म्हटलं, “पाहुणे आले तं चहा कराचा.” भाऊंनी ते गंभीरपणे लिहून घेतलं आणि चहाची जबाबदारी माझ्या नावावर टाकली.

डिस्कचे भाग पाडायचे असतात, हे सर समजावू लागले तेव्हा मला वाटलं, आता भाऊ अडकले. पण अड्याळकडे धानाची शेती केलेला माणूस तो. “म्हणजे वावरात बांध्या पाडतो तसं,” ते म्हणाले. मग कोणती बांधी केवढी ठेवायची, यावर पुढचे रविवार गेले. मेमरी भरली तर वरचं सांडायला थोडी जागा वेगळी काढतात, असं सरांनी सांगितलं, ते तर भाऊंना फारच पटलं. “पाण्याले वाट ठेवाच लागते. नाई तं बांध फुटते.”

माझी बायको मात्र वैतागली. “त्या मशीनचं लगन ठरवून राहिले का तुमी?” असं तिने एकदा सरळच विचारलं.

शेवटी फाईलमध्ये लिहायला काही उरलं नाही. प्रत्येक प्रकरणाखाली आमच्या सह्या होत्या. नातवाचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून झाले होते, इन्व्हर्टर भरला होता, बादली जागेवर होती. सर म्हणाले, “आता राहिलं काय, भाऊ?” भाऊंनी पानं उलटली, पुन्हा उलटली. मग फाईलच्या शेवटी लावलेल्या परवान्यावर सही केली.

पोहे संपायच्या आत लिनक्स बसलं. कॉम्प्युटर झटकन सुरू झाला. पडद्यावर नातू हसला, मागून वहिनींनी विचारलं, “जेवले का?” भाऊ खूश होते. बोलणं संपलं तसे मात्र फाईलची दोरी बांधत बसले.

सरांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह खिशात टाकला, मी चपला पायात सरकवल्या. तेव्हा भाऊ आमच्याकडे न बघता म्हणाले, “झालं मंग. आता तुमी रविवारी कायले याल?”

नातू पडद्यावर आला होता, पण पोह्यांच्या बशीसमोर बसायला आम्हीच होतो. मी चपला काढल्या आणि पुन्हा सतरंजीवर बसलो.

“भाऊ, प्रिंटरचं काय?”

“कोणता प्रिंटर? आपल्याकडं प्रिंटर नाई.”

“म्हणून तं म्हणतो. बिना नियोजनानं आणाचा का?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. सर खाली बसले आणि त्यांनी खिशातला पेन पुढे केला. भाऊंनी फाईलची दोरी सोडली, कोरं पान काढलं आणि सगळ्यात वर लिहिलं : लाईन गेल्यास.