समुद्राचा डबा

कुणी मुंबईला निघालंय असं कळलं, की वाघमारे सर त्याची ख्यालीखुशाली विचारत नसत. हातात सरळ पत्र्याचा डबा देत आणि म्हणत, "येताना समुद्राचं पाणी आणा. काठावरचं नको, जरा आतलं."

परभणीत बसून समुद्राचं पाणी! तेही त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, गावात प्यायच्या पाण्याची मारामार असताना.

सर आमच्या कॉलेजात बुरशीवर संशोधन करत. मी तिथेच कचेरीत. माझं दुर्दैव, की राहायलाही शेजारी. बोरीच्या बौद्धवाड्यातून शिकून वर आलेला हुशार माणूस, पण माझ्या चपलेवर पावसाळ्यात आलेला हिरवा थर खरवडून नेऊन वर आभार मानायचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून त्यांनी एक स्पंज आणला होता. हा म्हणे समुद्राच्या तळाशी चिकटून राहणारा प्राणी. मला तो वाळलेल्या दोडक्यासारखा दिसला. त्याच्या पोटात सरांना एक बुरशी सापडली. चिघळलेल्या जखमांवर तिच्यातून औषध निघेल, अशी त्यांची खात्री. अडचण एवढीच, की बाईसाहेबांना समुद्राच्या पाण्याशिवाय काही रुचत नसे. नळाच्या पाण्यात मीठ घाला, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"मीठ घालून समुद्र होत नसतो, माधवराव."

हे वाक्य मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की घरी भाजी अळणी झाली तरी मीठ मागायची सोय राहिली नाही.

त्यांच्या घरी खाटेखाली, कोनाड्यात, बुद्धाच्या मूर्तीशेजारीसुद्धा बुरशीच्या बाटल्या. त्यामुळे गल्लीत कुणी त्यांच्याकडे पाणीसुद्धा पीत नसे. पोटात बुरशी व्हायची, असं सगळे हसत सांगत. सर संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत, ते एकटेच.

त्या उन्हाळ्यात मला कचेरीच्या कामासाठी मुंबईला जावं लागलं आणि डबा माझ्या गळ्यात पडला. बुरशी सुकत चालली होती. आठवड्यात पाणी मिळालं नाही तर इतक्या वर्षांची मेहनत गेली, असं सर चार वेळा बजावून गेले. पँट गुडघ्यापर्यंत भिजवून मी पाणी भरलं. मनमाडला गाडी बदलताना डबा छातीशी धरला. पुढे डोळा लागला तो परभणी मागे टाकून पिंगळीला उघडला. मग डब्यासह बैलगाडीतून उलटा परभणीला. घरी पोचलो, डबा ठेवला आणि सरांच्या नावानं बोटं मोडत झोपलो.

उठून पाहतो तर डब्याला हळदकुंकू, आणि डबा रिकामा. आईनं गल्लीतल्या बायका बोलावून पळीपळीनं तीर्थ वाटलं होतं.

"सगळ्या नद्या त्याच्यातच जायल्यात की," ती म्हणाली. "मंग याच्याहून मोठं तीर्थ कोन्तं? लय खारट होतं, पर समद्यांनी घेतलं."

तेवढ्यात सर दारात. मी सगळं सांगून टाकलं आणि आता हा माणूस कोसळणार म्हणून खुर्ची पुढे सरकवली. सर डब्यात वाकून बघत राहिले.

"कुणी कुणी घेतलं?" त्यांनी विचारलं.

आईनं नावं सांगितली. एकही घर सुटलं नव्हतं.

"माझ्या डब्यातलं?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून बाटल्यांचं बोललो. लोक बुरशीला घाबरतात, दुसरं काही नाही.

"बाटल्या आणायच्या आधीबी कुणी पेत नव्हतं, माधवराव."

एवढं बोलून, रिकामा डबा काखोटीला मारून ते निघाले. आईनं पदर खोचला आणि ती त्यांच्या मागोमाग थेट त्यांच्या घरात शिरली. उंबऱ्याशी थांबून मी तिला तिथं पहिल्यांदाच पाहत होतो. बाटल्यांमधून वाट काढत ती माठापाशी जाऊन खाली बसली.

"सर, पेलाभर पानी द्या. तोंड खारट झालंय. आन् ह्यो जाईल की परवा परत मुंबईला."

सर पेला विसळायला लागले. विसळला, पुन्हा विसळला, आणि विसळतच राहिले.

"सर," मी उंबऱ्यातून आत जात म्हणालो, "दोन पेले घ्या."