फाटकावरचा रुमाल

रोज सकाळी साडेदहाला आमच्या कॉलेजच्या फाटकावर एक पांढराशुभ्र रुमाल टांगला जायचा. संध्याकाळी पाचला तो उतरवून सूचनाफलकाच्या काचेमागे टाचला जायचा. वर ठळक अक्षरांत ‘आजची हवा’, खाली तारीख आणि सही. सकाळचा तोच रुमाल संध्याकाळी चुलीपुढच्या फडक्यासारखा दिसायचा.

हा उद्योग रसायनशास्त्राच्या वाघमोडे सरांचा. नव्वद सालानंतरची गोष्ट. आमचं कॉलेज उंब्रजजवळ, हायवेला अगदी खेटून. मी तिथं इतिहास शिकवायचो. उसाचं बिल हातात पडलं की पोराच्या बुडाखाली मोटारसायकल द्यायची टूम तेव्हा नुकतीच निघाली होती. पोरं फाटकातून भर्रकन आत शिरायची, कॉलेजला वळसा घालायची आणि पार मागच्या मैदानाकडे गाड्या लावायची. कुणाला दिसलो नाही असं व्हायला नको, म्हणून जाता जाता दोनदा रेस करायची. वाघमोडे सरांचं म्हणणं एकच होतं. मोटारगाड्या फाटकाशीच थांबाव्यात, आत पायी किंवा सायकलवर यावं.

एकदा एका विद्यार्थ्यानं दौतीत बुडवलेला रुमाल गुपचूप फाटकावर लावून ठेवला. सरांनी तो उतरवला, प्रयोगशाळेत नेला आणि दुसऱ्या दिवशी फलकावर अहवाल लावला : ‘हा धूर नाही. ही शाई आहे. शाई पाण्यात उतरते, धूर उतरत नाही.’ खाली सही. पोरं पोट धरून हसली. सर हसले नाहीत. त्यांनी शाईचा रुमाल धुऊन त्या पोराला परत दिला.

सर आटपाडीकडचे. वडील मेंढरांमागे हिंडायचे. “आमच्या घरात चाक आलं ते माझ्या सायकलचं,” असं ते सांगत. ती सायकल ते अजून चालवत होते. माझ्या स्कूटरवर मात्र कधी बसले नाहीत. भर उन्हात मी गाडी थांबवून “बसा सर” म्हणालो की हात जोडायचे. “चालतो मी. वैयक्तिक काही नाही हं.”

हे त्यांचं पालुपद. पेपर कडक तपासला, वैयक्तिक काही नाही. तुमचा चहा नको, वैयक्तिक काही नाही. आमच्या स्टाफ समितीचा एक नियमही त्यांनीच लिहिला होता : ज्या विषयात स्वतःचा नफा-तोटा असेल त्यावर सभासदानं बोलू नये. माझ्या टेबलावर पंखा हवा म्हणून मी एकदा उभा राहिलो, तर सरांनी नियम वाचून मला खाली बसवलं होतं. त्या उन्हाळ्यात मी पुठ्ठ्यानं वारा घेत इतिहास शिकवला.

त्यांच्या घरी कुणी जात नसे, कारण ते बोलावत नसत. फाटकातून आत आलं की डाव्या हाताला प्राध्यापकांच्या चार खोल्या होत्या, त्यातली पहिली त्यांची. ते घरी पोचले की दाराबाहेरच सदरा काढायचे, तारेवर टाकायचे, बादलीतल्या पाण्यानं तोंड-हात धुवायचे आणि बनियनवर आत जायचे. भर रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. आम्ही स्टाफरूममध्ये त्यावर पुष्कळ करमणूक करून घेतली. बायको फार कडक आहे, सोवळ्याशिवाय आत घेत नाही, असं ठरवून टाकलं. हे ठरवण्यात मी पुढे होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

तरी माणूस मला आवडायचा. म्हणून एका वर्षी मी मनावर घेतलं. चार जणांना चहा पाजला, प्राचार्यांना दोनदा भेटलो आणि ठराव मांडला : आजपासून कॉलेजच्या आवारात मोटारगाड्या बंद. फाटकाबाहेरची जागा हायवेची, तिथे स्टँड करता येईना. मग फाटकाच्या आत लगेच डावीकडे, क्वार्टर्सच्या कडेला मोकळी जागा होती ती ठरली.

प्राचार्य म्हणाले, “कुणाला काही म्हणायचंय का?”

वाघमोडे सर अर्धवट उठले. मला वाटलं, आभार मानायला उठले. मी जोरात टाळी वाजवली. माझं बघून सगळ्यांनी वाजवली. सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

“नाही, आपलं वैयक्तिक काही नाही,” ते म्हणाले.

कॉलेजचा नूर पालटला. आतल्या रस्त्यावर सायकलच्या घंटा ऐकू यायला लागल्या. म्हादू शिपायानं दोन्ही बाजूंना करंज लावले. वर्गात बोललेलं मागच्या बाकापर्यंत जाऊ लागलं. एका वर्तमानपत्रात कौतुकाचे चार शब्द छापून आले. फाटकावरचा रुमाल बंद झाला. काम फत्ते झालं, आता रुमालाची गरज काय, असं मी सगळ्यांना सांगत होतो.

एप्रिलमध्ये ते कात्रण घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो. पाच वाजले होते. शेजारी दीड-दोनशे गाड्यांना एकाच वेळी किका बसत होत्या. म्हादू दारात बादलीत रुमाल पिळत उभा होता. एवढ्या उकाड्यात खिडक्या बंद. सगळ्या फटींत ओले रुमाल कोंबलेले. त्यातले काही माझ्या ओळखीचे, फाटकावरचे, कितीही धुतले तरी काळपट राहिलेले.

आत वहिनी कॉटवर उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसल्या होत्या. श्वास घेताना त्यांचे खांदे वर जात होते.

“या भावजी,” त्या म्हणाल्या. मग थांबून, दम घेऊन, “जरा लांब बसा. रागवू नगासा. कापडाला गाडीचा वास हाय.”

मी बाहेरच आलो. म्हादू हळूच म्हणाला, “सर, तुमास्नी ठावं न्हवतं व्हय? लय वर्सं झाली बाईंच्या दम्याला. धूर नाकात गेला की रातभर बसून काढत्यात. आवं, त्यो रुमाल मग कशापाय लावायचं वाघमोडे सर?”

मी इतिहासाचा माणूस. झालेली चूक उशिरा कळणं हा आमचा धंदाच. पण ही चूक मी स्वतः, टाळ्या वाजवून केली होती. लाज वाटली, आणि सरांचा रागही आला.

सर सायकलवरून आले. तारेजवळ सदऱ्याची बटणं काढू लागले. मी म्हणालो, “सर, सभेत एक शब्द तरी बोलायचा होता तुम्ही.”

“नियम माझाच होता,” ते म्हणाले. “तुम्हाला पंख्यावर बोलू दिलं नव्हतं मी.”

“मी उद्याच ठराव मांडतो. स्टँड परत मागे नेऊ.”

“नको. पोरांना चालायची सवय लागलीय. ती मोडू नका.” सदरा तारेवर टाकून ते आत गेले.

पुढच्या आठवड्यात पहाटे, रस्ता मोकळा असताना, जीप करून त्यांनी वहिनींना पाटणला नेलं. वहिनींचा भाऊ तिथं मास्तर होता. डोंगराकडेचं घर, हवा चांगली. मी ठराव मांडलाच. दुसरी जागा बघायचं ठरलं. जूनमध्ये बघू म्हणाले. जूनमध्ये प्रवेशाची गडबड होती, मग परीक्षा, मग दिवाळी. स्टँड तिथेच राहिला.

सर दर शनिवारी कॉलेज सुटलं की सायकलनं पाटणला जायचे आणि रविवारी परत यायचे. पन्नाशी उलटलेल्या माणसानं अडीच-तीन तास पायडल मारत जायचं. मी म्हटलं, “एसटीनं का जात नाही?” तर म्हणाले, “डिझेलचा वास कपड्यात बसतो. तिला ढास लागते.” तेव्हा मला त्यांनी नाकारलेलं एकेक ‘बसा सर’ आठवलं.

दिवाळीनंतर एका मंगळवारी ऑफिसात पाटणहून फोन आला. वहिनींचं जास्त झालं होतं. सर वर्गातून तडक सायकलकडे निघाले. मी स्कूटर आडवी घातली. या वेळी त्यांनी हात जोडले नाहीत. मुकाट्यानं मागे बसले. वाटेत पुढच्या ट्रकचा धूर अंगावर आला की हातानं सदरा झटकत होते.

घराजवळ आलो तेव्हाच बायकांचं रडणं ऐकू आलं. अंगणातल्या माणसांनी आम्हाला वाट करून दिली. कुणाला काही विचारायची गरज उरली नव्हती.

सर दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले. एकेक बटण काढून त्यांनी सदरा उतरवला आणि कुंपणाच्या तारेवर टाकला. हौदातल्या पाण्यानं तोंड धुतलं, कोपरापर्यंत हात धुतले. खिशातला पांढरा रुमाल काढून अंग पुसलं. लोक नुसते बघत होते. मी नकळत त्यांच्या मागोमाग पाऊल टाकलं, तसे ते वळले.

“तुम्ही बाहेरच थांबा,” ते म्हणाले. “कपड्यांना वास आहे. वैयक्तिक काही नाही हं.”

मी मागे सरलो आणि स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो.