दुसरा ब्रेक

कॅप्टन पायल आयुष्यात पहिल्यांदा नापास झाली आणि तो कागद तिने जेवणाच्या ताटाशेजारी ठेवला, तेव्हा भीमरावांच्या घशात भाकरीचा घास अडकला. पावणेदोनशे माणसं घेऊन आभाळात जाणारी आपली पोर नापास कशी होते, हेच त्यांना कळेना. बरं, विमान चालवण्यात ती नापास झालीच नव्हती. तिला वैमानिकांना शिकवणारी प्रशिक्षक व्हायचं होतं, त्या परीक्षेत तिची दांडी उडाली होती.

"अगं, पण चुकलं काय तुझं?"

"पप्पा, आता सिस्टीम बदललीये. आधी फक्त बघायचे, लँडिंग जमलं की नाही. आता बघतात, माणूस परिस्थिती ओळखतो कशी, जोडीदाराशी बोलतो कसा, निर्णय कसा घेतो. एकेका क्षमतेला एक ते पाच मार्क. आणि शिकवणाऱ्यालाही तसेच मार्क. गुरुग्रामला सिम्युलेटरमध्ये माझा ट्रेनी जरा गडबडला, आणि मी विमान हातात घेतलं."

"मग बरोबरच केलंस की!"

"तेच तर चुकलं ना! तो स्वतः सावरत होता. त्याला सावरू द्यायचं होतं. हे बघा काय लिहिलंय: 'प्रशिक्षणार्थी सावरण्याआधीच ताबा घेतात.' गुरुवारी दुसरा चान्स. तो गेला की दोन वर्षं विसरायचं."

द्रौपदीबाई आमटी वाढत होत्या. त्यांनी नुसतं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पळी परत पातेल्यात ठेवली. त्या एका नजरेने भीमरावांना पुढची भाकरी गोड लागेना.

कारण बदलापूरच्या शिरगावातल्या 'भीमराव मोटर ट्रेनिंग स्कूल'चे मालक, चालक आणि एकमेव शिक्षक भीमरावच होते. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकाऊ माणसाच्या मनात ब्रेकचा विचार यायच्या आत भीमरावांनी तो दाबलेला असे, आणि ब्रेकबरोबर तोंडही सुटलेलं असे. "डोळे आहेत की बटणं?" हा त्यांचा सगळ्यात मऊ शब्द. बदलापूर पूर्वेत गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांना आजही वळण आलं की डाव्या कानात भीमराव ऐकू येतात. पायल अठराव्या वर्षी त्याच गाडीत, त्याच ब्रेकवर शिकली होती. म्हणजे गुरुग्रामच्या परीक्षकाने जो दोष लिहिला तो खरं तर शिरगावचा होता, आणि हे तिघांनाही ठाऊक होतं.

"प्रॅक्टिस कर ना मग," हात धुता धुता भीमराव म्हणाले. "विमान नाही, पण गाडी आहे. शिकाऊ मी देतो. चाळीस आहेत."

"तुमचे शिकाऊ नकोत. ते मी बोलायच्या आधीच सॉरी म्हणतात. कोरी पाटी पाहिजे." पायलने इकडे तिकडे पाहिलं. "आई, तू चल."

द्रौपदीबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "मी? या वयात? बरं, चला."

रविवारी सकाळी साडेआठला गाडी निघाली. स्टिअरिंगवर द्रौपदीबाई, मांडीवर पर्स. डावीकडे पायल, मांडीवर आईला मार्क द्यायची कोरी गुणपत्रिका. मागच्या सीटवर भीमराव, आणि त्यांच्यावर एकच अट: तोंडातून हूं की चूं काढायचं नाही. स्वतःच्या गाडीत मागे बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. गुडघे पोटात आले होते आणि जीव घशाशी.

पायलने विमानात करतात तशी यादी वाचली. सीट, आरसे, पट्टा, हँडब्रेक, इंधन. बारा गोष्टी झाल्या. प्रत्येकीला द्रौपदीबाई "हो गं" म्हणाल्या. मग गाडी सुरू झाली आणि गचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद. मागे भीमरावांनी रुमालाचा बोळा करून तोंडात घातला. पायलने गुणपत्रिकेवर दोनचा आकडा टाकला. तिसऱ्यांदा मात्र गाडी निघाली.

"आई, मी सांगणार नाही, विचारणार. पुढे काय दिसतंय?"

"रस्ता."

"अजून?"

"मोतीबाईंनी गच्चीवर पापड घातलेत. नेत्राच्या घरी अजून पडदे ओढलेलेच. रविवार असला म्हणून काय झालं?"

"रस्त्यावरचं सांग आई."

"डावीकडे रिक्षा उभीये, तिचा माणूस चहा पितोय, म्हणजे ती आत्ता निघत नाही. पुढे सायकलवाला आहे, तो मागे न बघता वळणार."

सायकलवाला मागे न बघता वळला. द्रौपदीबाईंनी आधीच वेग कमी केला होता. पायलने पेन उचललं, पण आईच्या पायांकडे बघताच तिचा स्वतःचा उजवा पाय ब्रेककडे सरकला. तिने तो मागे घेतला. थोड्या वेळाने पुन्हा सरकला. मागे भीमरावांचेही दोन्ही पाय नसलेला ब्रेक दाबत होते, इतका की पायलच्या पाठीला सीटमधून गुडघे टोचत होते.

ठरल्याप्रमाणे पेट्रोल पंपापासून परत फिरायचं होतं. पेट्रोल पंप आला आणि गेला.

"आई, आपला प्लॅन काय होता?" पायलने आवाज शक्य तितका मऊ ठेवून विचारलं.

"फिरायचं होतं. पण पंपावर टँकर आडवा लागलाय, पाहिलास ना? तिथे वळवणं धोक्याचं. पुढे जाऊ. वांगणीला मेथी छान मिळते, ती घेऊ आणि येऊ."

रुमालाच्या बोळ्यातून एक क्षीण आवाज आला. पायलने मागे न बघता बोट वर केलं आणि आवाज थांबला.

वांगणीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका फार्महाउसवर साखरपुडा होता. कमान, झेंडूच्या माळा, पाहुण्यांच्या गाड्या आणि रस्त्यावरच उलटा येत असलेला मंडपवाल्याचा टेम्पो. टेम्पो मागे येत होता, गाडी पुढे जात होती. पायलने मनात आकडे मोजायला घेतले. एक. आई बघतेय. दोन. आईने बघितलं असेल. तीनपर्यंत काही तिचा धीर पुरला नाही. तिने सगळा जोर लावून दुसरा ब्रेक दाबला.

त्या ब्रेकची केबल अठ्ठावीस वर्षं भीमरावांचा पाय सोसत होती. तिने मान टाकली. टण्ण असा आवाज झाला आणि पॅडल निर्जीवपणे खाली जाऊन पडलं. पायलचं तोंड उघडं राहिलं. भीमरावांनी रुमाल काढून "मेलो!" अशी आरोळी ठोकली. आता गाडी थांबवू शकेल असं गाडीत एकच माणूस होतं.

"दोघंही गप्प बसा," द्रौपदीबाई म्हणाल्या. त्यांनी इंडिकेटर दिला, गिअर उतरवला, टेम्पोला हॉर्न दिला आणि गाडी डावीकडे कमानीतून आत घेतली. मांडवात जिलबीच्या कढईपासून चार हात अलीकडे ती अलगद उभी राहिली. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि पदर नीट केला.

मुलाकडची मंडळी आली असं समजून सनईवाल्याने सनई धरली. कोणीतरी पायलच्या हातात गुलाब दिला. भीमरावांना तर दोघांनी दंड धरून बाहेर काढलं आणि फेटाच बांधायला घेतला. एवढ्यात मांडवातून एक ढेरपोटे गृहस्थ पुढे आले. नवरीचे मामा हरिचंद्र. वाहतूक पोलीस, सुट्टीवर. पण गाडीवरचा 'एल' बघून त्यांच्यातला पोलीस सुट्टी मोडून कामावर आला.

"जय भीम, भीमराव! तुम्ही होय? वैनी शिकतायत वाटतं? झकास. वैनींचं लर्निंग लायसन दाखवा जरा."

भीमरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पायलकडे पाहिलं. पायलने त्यांच्याकडे पाहिलं.

"पप्पा, ते तुम्ही बघितलं असेल ना? तुमची शाळा आहे."

"बारा गोष्टी तू वाचल्यास! मला वाटलं, त्यात असेल!"

दोन शिक्षक, एक यादी, एक गुणपत्रिका, आणि जी गोष्ट वडापाव खाता खातासुद्धा एखादा हवालदार विचारतो ती कोणीच विचारली नव्हती. भीमरावांना डोळ्यांसमोर शाळेची पाटी उतरताना दिसली. बापाचा परवाना गेला आणि लेकीची परीक्षा गेली, एकाच रविवारी. पायल "सर, चूक माझी आहे," असं म्हणायला लागली तोच द्रौपदीबाईंनी पर्स उघडली. रुमाल, चावी, गोळ्यांची पट्टी बाजूला केली आणि एक कार्ड हरिचंद्रांच्या हातात दिलं.

"हे चालेल का?"

हरिचंद्रांनी कार्ड उलटंपालटं केलं. "वैनी, हे तर पक्कं लायसन आहे. तीन वर्षं झाली! मग हा 'एल' कशाला?"

"पोरीला शिकाऊ पाहिजे होती," द्रौपदीबाई म्हणाल्या.

हरिचंद्र खो खो हसत मांडवात परतले आणि जाता जाता तीन पानं वाढायला सांगून गेले. भीमराव मात्र अर्धा फेटा गळ्यात घेऊन उभेच. "कोणाकडे शिकलीस?"

"उल्हासनगरला. हिंदुरावांकडे."

हिंदुराव! ज्या माणसाची पाटी दिसू नये म्हणून भीमराव उल्हासनगरात लांबून वळसा घालून जायचे, तो हिंदुराव! बहिणीकडे जाते म्हणून दर मंगळवारी ही जात होती ती कुठे, याचा आता उलगडा झाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं." मग जिलबीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "आत्ता वाटतंय ना, तसं."

पायल गुणपत्रिका घेऊन बसली होती. सगळीकडे दोन, दोन, दोन. "आई, पण तू दोनदा गाडी बंद पाडलीस."

"मागे तुझे पप्पा होते. त्यांचा श्वाससुद्धा ओरडतो."

"आणि टेम्पो?"

"टेम्पो मी लांबूनच बघितला होता, कमानही. मी वळणारच होते. तू गप्प होतीस गं, शब्दाने काही बोलली नाहीस. पण सारखी माझ्या पायांकडे बघत होतीस. मला रस्ता सांभाळू की तुला, असं झालं."

पायलने गुणपत्रिका पुन्हा वरपासून वाचली. आईने रिक्षा ओळखली, सायकलवाला ओळखला, टँकर बघून बेत बदलला, सगळं तिने स्वतः पाहिलं होतं. आणि लिहिलं मात्र दोन. मार्क तिने आईला दिलेच नव्हते, आपल्या भीतीला दिले होते. तिने तो कागद फाडला, कोरा काढला आणि पहिल्यापासून भरायला घेतला. ते बघून भीमरावांनी फेट्याच्या टोकाने डोळे टिपले. जिलबी गरम आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

गुरुवारी दुपारी फोन आला. "पप्पा, झाले पास! ट्रेनी आजही गडबडला. मी हात मांडीखाली दाबून बसले आणि समोर बघत राहिले. त्याने पूर्ण सावरलं. मग मी विचारलं, काय दिसलं तुला? तर सगळं बरोबर सांगितलं त्याने!"

भीमरावांनी शिरगावात पेढे वाटले. पण एक काटा सलत होताच. शुक्रवारी सकाळी ते सरळ उल्हासनगरला गेले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिंदुरावांच्या पाटीखाली उभे राहिले.

"या, भीमराव!" हिंदुराव खुर्ची सोडून उठले. "चहा मागवतो. आज इकडे कसे?"

"एकच विचारायला आलोय. आमच्या मंडळींना तुम्ही शिकवलंत. कसं शिकवलंत? न ओरडता?"

हिंदुरावांनी डोकं खाजवलं. "खोटं कशाला बोलू? मी काहीच शिकवलं नाही. पहिल्या दिवशी वैनी बसल्या ते डायरेक्ट कॅम्प तीनच्या गर्दीच्या मार्केटमधून गाडी काढली. मी म्हटलं, ताई, तुम्हाला तर येतंय सगळं! तर म्हणाल्या, आमचे हे संध्याकाळी शिकाऊंना घेऊन निघतात ना, तेव्हा मी बाजाराच्या पिशव्या घेऊन मागे बसते. पंचवीस वर्षं. त्यांचा एकेक शब्द पाठ आहे."

"मग तुमच्याकडे कशाला आली?"

"तेच विचारलं मी," हिंदुराव म्हणाले. "तर म्हणाल्या, शिकले सगळं त्यांच्याकडूनच. पण ते बाजूला असले की त्यांना माझी इतकी काळजी वाटते, की गाडी मला चालवताच येत नाही."